रांगेवर जमावबंदी, उसावर नाही

2016च्या मार्चमध्ये लातूरच्या जिल्हा प्रशासनाने शहरातील पाणी भरण्याच्या सुमारे 20 ठिकाणांभोवती कलम 144 लागू केले. पाच किंवा अधिक माणसांनी तिथे एकत्र जमायचे नाही, असा तो आदेश होता. मांजरा धरण कोरडे पडले होते, टँकरवरून भांडणे होत होती, आणि प्रशासनाच्या खुर्चीत बसून पाहिले तर दुसरा मार्ग चटकन सुचला नसता, हेही मी मान्य करतो. पण शांततेने एकत्र जमण्याचे जे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या कलम 19ने दिले आहे, ते इथे मोर्चा किंवा दंगल नसताना, केवळ घागरी घेऊन उभे राहणाऱ्यांसाठी आवळले गेले, ही गोष्ट मला अजूनही विसरता येत नाही. पुढे 12 एप्रिलला मिरजेहून 10 वाघिणींची पहिली रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. त्याच मराठवाड्यात त्याच हंगामात साखर कारखान्यांचे गाळपही झाले होते. मात्र उसावर कोणी जमावबंदी लावली नव्हती.

त्या उन्हाळ्यात मी लातूरला आत्याकडे होतो. गॅलरीतल्या निळ्या ड्रमच्या झाकणाला साखळी आणि कुलूप होते, किल्ली आत्याच्या मंगळसूत्राला अडकवलेली होती. तांदूळ धुतलेल्या पाण्याने भांडी विसळली जात आणि तेच पाणी मग संडासात टाकले जाई. समोरच्या बंगल्यात मात्र नवीन बोअर लागली होती. रात्रभर मशीन घरघरत होते आणि पहाटे पाणी लागल्यावर तिथे पेढे वाटले गेले. दोन्ही घरांतली माणसे सज्जनच होती. फरक एवढाच की एका घराकडे बोअरचे पैसे होते, आणि जमिनीखालचे पाणी जमिनीच्या मालकाचे असे मानणारा 1882 सालचा सुविधाधिकार कायदा त्याच घराच्या बाजूने उभा होता.

गेली काही वर्षे एक विचार सुशिक्षित वर्तुळात फार आत्मविश्वासाने मांडला जातो. तो असा की व्यक्तिस्वातंत्र्य, मतस्वातंत्र्य, हक्कांची भाषा हे सगळे मुबलकतेचे लाड आहेत. स्वस्त इंधन, भरपूर पाणी आणि वाढती अर्थव्यवस्था होती तोवर ते परवडले, आता साधने आटू लागली की तेही आटणार. हा विचार ऐकायला मोठा वास्तववादी वाटतो, पण मला तो इतिहासाशी जुळणारा वाटत नाही.

महाडचे चवदार तळे घ्या. 1927 साली त्या तळ्यात पाण्याची टंचाई नव्हती. नगरपालिकेने 1924मध्येच ते सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता, म्हणजे कागदावर हक्कही होता. तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह तिथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले, त्याबद्दल लोकांना मार खावा लागला, आणि नंतर तळे ‘शुद्ध’ करून घेण्यात आले. न्यायालयातले प्रकरण 1937 साली उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चालले. पाणी काठोकाठ असूनही स्वातंत्र्य नव्हते.

आता याच्या उलट टोकाचे उदाहरण. 1972च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. तिथे पाणी जमिनीच्या एकरांवर वाटले गेले नाही, तर माणशी वाटले गेले. एका माणसामागे अर्ध्या एकराचे पाणी, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही, भूमिहीनालाही वाटा मिळेल, आणि ऊस घ्यायचा नाही, अशी बाकीची कलमे. इथे पाणी जवळजवळ नव्हतेच, तरी ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही असा माणूस पाण्याचा हक्कदार झाला. त्यासाठी बड्या शेतकऱ्याला हवे ते पीक घेण्याची मुभा सोडावी लागली. ती मुभा म्हणजे स्वातंत्र्य की मक्तेदारी, हा खरा वाद आहे, आणि माझे मत त्यात स्पष्ट आहे: दुसऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढून घेता येण्याला मी स्वातंत्र्य म्हणणार नाही.

उसाच्या बाबतीत हेच नेमके सांगता येते. राज्याच्या पिकाखालील क्षेत्रापैकी चार टक्क्यांच्या आसपास क्षेत्रावर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा सत्तर टक्क्यांच्या घरात असल्याचे सांगितले जाते. मी दोन एकरवाल्या ऊस उत्पादकाला दोष देत नाही. ज्या पिकाला ठरलेला भाव आहे आणि ते उचलायला कारखाना तयार आहे, तेच पीक तो घेणार. तूर आणि सोयाबीनच्या भावाचा त्याला काय अनुभव आहे, हे बाजार समितीत जाऊन पाहावे. प्रश्न त्याच्या वरचा आहे. कारखान्याचा चेअरमन, जिल्हा बँकेचा संचालक आणि आमदार ही पदे जिथे एकाच वाड्यात नांदतात, तिथे धरणाचे आवर्तन, म्हणजे कालव्यातून सोडायची पाण्याची पाळी, कधी आणि कुणासाठी सोडायचे हा प्रश्न केवळ अभियांत्रिकीचा राहत नाही.

कायद्यांमध्येही हा कल वाचता येतो. 2005 साली महाराष्ट्राने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. हेतू चांगला होता: पाण्याचे हक्क निश्चित व्हावेत, वाटप न्याय्य व्हावे. पण याच कायद्यात दोनपेक्षा अधिक मुले असलेल्या व्यक्तीने शेतीच्या पाण्यासाठी दीडपट दर द्यावा, असे कलम घालण्यात आले. म्हणजे पाणी वाचवायचे म्हटल्यावर विधिमंडळाची नजर उसाच्या फडाच्या आधी शेतकऱ्याच्या बायकोच्या पोटाकडे गेली. आणि पाण्याचे वाटप शेती, उद्योग आणि शहर यांच्यात कसे व्हावे, हा खरा सत्तेचा निर्णय 2011च्या दुरुस्तीने पुन्हा मंत्रिमंडळाकडे नेण्यात आला. स्वतंत्र प्राधिकरणाचे दात असे हळूच काढले गेले. त्यासाठी ना कुठे मोर्चा निघाला, ना कुठे जमावबंदी लागली.

याच साखळीचे दुसरे टोक बीडमध्ये आहे. कोरडवाहू गावातले नवरा-बायको मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतात, दोघे मिळून एक ‘कोयता’ होतात आणि पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायला जातात. एक दिवस काम चुकले की खाडा धरला जातो, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंड. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, या भीतीचा आणि खासगी दवाखान्यांच्या सल्ल्याचा मिळून परिणाम असा झाला की 2019 साली नेमलेल्या शासकीय समितीला सुमारे 82,000 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,000हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. स्वतःच्या शरीरावरील अधिकार हा उदारमतवादाचा पहिला धडा मानला जातो. तो अधिकार इथे पाणी नसलेल्या गावातून निघून पाणी पिणाऱ्या पिकापर्यंतच्या वाटेवर गहाण पडला.

‘हे लोकशाहीत सुटणार नाही, आता दंडुकाच हवा’ असे म्हणणाऱ्या मित्रांना मी कंटाळलो आहे. दंडुका आजवर कुणाच्या हाती होता आणि तो कुणाच्या पाठीत बसला, हे वर सांगितलेच. आपल्या गल्लीत टँकर वेळेवर येतो म्हणून कडक शिस्तीची आवड असणे सोपे असते. आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या बैठकीतही हीच माणसे पाण्याचे मीटर बसवायच्या ठरावाला विरोध करतात, आणि खडकवासला धरणाचे पाणी शहराने मंजुरीपेक्षा जास्त उचलले की दौंड-इंदापूरचे आवर्तन कमी पडते, हा विषय निघाला की चहा मागवतात.

गावपातळीवरच्या शिस्तीचेही मला भाबडे कौतुक करायचे नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाने पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला, शेतीसाठी बोअर घेणे थांबवले आणि उसाला नकार दिला, ते मोलाचे आहे. पण आदर्श गावाच्या त्याच पंचसूत्रीत चराईबंदी आणि नसबंदीही होती. चराईबंदीचा पहिला फटका शेळ्या पाळणाऱ्या भूमिहीनाला बसतो. म्हणून बंधन कोणते आहे, याबरोबरच त्याची किंमत कोण मोजतो आणि ती ठरवताना तो माणूस सभेत होता का, हेही पाहावे लागते.

त्यामुळे माझी मागणी साधी आहे, जरी ती कोणत्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात शोभणार नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर धरणसाठे कळतात. गाळपाचे परवाने देण्यापूर्वीच प्रत्येक खोऱ्याचा ताळेबंद जाहीर व्हावा, पिण्याच्या पाण्यानंतर शेतीचे पाणी एकरांवर नव्हे तर माणशी मोजले जावे, खोल बोअरला मालकीहक्काचे संरक्षण मिळू नये, आणि या सुनावणीत कारखान्याच्या प्रतिनिधीइतकेच स्थान ऊसतोड मजुराला आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला असावे. पुण्या-मुंबईचा कोटाही त्याच सुनावणीत ठरावा, आणि तो कमी झाला तर आमच्या सोसायटीने पोहण्याचा तलाव उन्हाळ्यात बंद ठेवावा. तशी सूचना मी या महिन्याच्या बैठकीसाठी लेखी दिली आहे.