लीडच्या अँपला बेस लावला की अँप जळतो? तसं नाहीये भाऊ

लग्नसराई तोंडावर आली आणि जळगाव-धुळ्याकडच्या वादकांच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरायला लागला, की लीड गिटारच्या अँपला (अँप्लिफायरला) बेस गिटार जोडली की अँप जळून खाक होतो. अर्धं खरंय, पण जळत नाही, फाटतं, आणि तेही अँप नाही तर स्पीकर.

लीडची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर साधारण 82 हर्ट्झ, बेसची 41. सूर निम्म्यावर आला की तेवढाच आवाज काढायला स्पीकरच्या कोनला, म्हणजे त्याच्या हलणाऱ्या पडद्याला, चौपट पुढेमागे हलावं लागतं, आणि लीडचा स्पीकर त्यासाठी बनलेलाच नसतो. त्यात बऱ्याच काँबोची (अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात) पाठ उघडी, म्हणजे कोनला मागून हवेचा आधार पण नाही. म्हणून घरी हळू आवाजात रियाज करा, काही होत नाही. मंडपात ढोल-ताशासमोर फुल केलं की आधी फरफर येते, ती ऐकू आली की आवाज लगेच कमी करायचा, "वाजतंय ना, वाजू दे" म्हणत बसायचं नाही.

उलटं म्हणजे बेसच्या अँपवर लीड बिनधास्त वाजवा, फक्त आवाज जरा बोदा येईल.

खरंच जळू शकतो तो व्हॉल्व्हवाला (आत काचेच्या नळ्या असलेला) अँप, स्पीकर न जोडता चालवला तर. ते मात्र त्या मेसेजमध्ये कुठंच नाही!

बेसचा अँप नसेल तर डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारा छोटा डबा) घ्या आणि सरळ साऊंडवाल्याच्या मिक्सरमध्ये द्या, तसंही चाळीसगाव काय नि शहादा काय, टेम्पोत एवढं धूड चढवायला कोणाला हौस आहे.