नियम धर्मावर नको, धोक्यावर लिहा

कामाच्या ठिकाणी धार्मिक पोशाख आणि खुणा चालू द्याव्यात का, यावर वाद सुरू झाला की दोन मिनिटांत हिजाब विरुद्ध टिकली अशी कुस्ती लागते. कारखान्यात, रुग्णालयात, खाद्यपदार्थांच्या पॅकिंग लाइनवर काम करणाऱ्यांना त्या कुस्तीचा काडीचा उपयोग नाही. तिथे विचारायचं ते वेगळंच. ही वस्तू कुठे अडकेल? कुठे गळून पडेल? कशाने तापेल? तिच्याखाली काय साठेल? नियम या उत्तरांतून यायला हवा. वस्तू कोणत्या धर्माची आहे ते नियमाला कळायचं कारणच नाही.

लेथ घ्या, म्हणजे धातूचा दांडा गरगर फिरवून तासायचं यंत्र. ५० मिलिमीटर व्यासाचा दांडा मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरतोय. त्याचा घेर साधारण १५७ मिलिमीटर. माणसाला ‘अडकलं’ हे कळून हात मागे घ्यायला सुरुवात करेपर्यंत पाव सेकंद जातो. तेवढ्यात दांड्याचे तीनपेक्षा जास्त फेरे होतात, म्हणजे अर्ध्या मीटरहून जास्त लांबी त्याच्याभोवती गुंडाळली जाते. मनगटापासून कोपरापर्यंतचं अंतर याच्या निम्मंच असतं. एमरी पेपर, म्हणजे घासकागद, हातात धरून फिरता दांडा घासताना मनगट दांड्यापासून चार बोटांवर असतं, आणि त्याच मनगटावर लाल-पिवळा गंडा असतो.

‘बारीक दोराच तर आहे, तुटेल’ हे उत्तर हमखास मिळतं. कच्च्या सुताचा एक पदर तुटेलही. पण गंडा एक पदराचा कधी असतो? पाच-सात वेढे, त्यावर घट्ट गाठ, घाम आणि कूलंट (यंत्र थंड ठेवायचं तेलपाणी) पिऊन चिवट झालेला, आणि दर यात्रेनंतर त्यावर आणखी एक. तो तुटत नाही, हात घेऊन जातो. लोंबती टोकं सगळ्यात वाईट, कारण आधी अडकतात ती तीच. इथेच हेही सांगायला हवं की लेथवर आणि ड्रिलवर हातमोजेही चालत नाहीत, घड्याळ चालत नाही, गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा चालत नाही, उघड्या कफची बाही चालत नाही. नोटिशीत हे सगळं एका ओळीत आलं तर गंडा बांधणाऱ्याला आपल्याला निवडून लक्ष्य केलंय असं वाटत नाही. नुसतं ‘मनगटावर धार्मिक धागे बांधू नयेत’ असं लिहिलं की भांडण ठरलेलं, आणि त्या भांडणात कामगाराची बाजू बरोबर असते.

पर्याय आपल्याच परंपरेत आहे. ताईत दंडाला बांधायची रीत जुनी आहे. गंडा दंडावर, घट्ट बाहीच्या आत, टोकं कापून बांधला की प्रश्न मिटतो. कमरेचा करगोटा नाहीतरी कपड्यांच्या आतच असतो. घट्ट कपड्यांचं म्हणाल तर १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २२ ने चालू यंत्राची तपासणी किंवा तेल-पाणी करणाऱ्याला अंगाला घट्ट बसणारे कपडे सांगितले, आणि ते मालकाने पुरवायचे असंही सांगितलं. ही दुसरी अर्धी ओळ माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. बंधन घालणाऱ्याने पर्यायही स्वतःच्या खर्चाने द्यायचा.

वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळ उतरवायला सांगू नये. माळ घातलेला माणूस ती काढत नाही, आणि बहुतेक ठिकाणी काढायची गरजही नसते. माळ गळ्याशी आखूड हवी, त्यावर गोल गळ्याची बनियन किंवा टी-शर्ट, आणि वर शर्टाचं पहिलं बटण लावलेलं. वाकल्यावर माळ बाहेर आली नाही म्हणजे झालं. खाद्यपदार्थांच्या लाइनवर मात्र जास्त जपावं लागतं. लाइनच्या शेवटी मेटल डिटेक्टर असतो. त्याला लोखंडाचा कण सापडतो, पण तुळशीचा मणी सापडत नाही, मंगळसूत्राचा काचेचा काळा मणीही नाही. दोरा तुटून मणी पिठात पडला तर तो थेट गिऱ्हाइकाच्या ताटात. म्हणून तिथे गळाबंद कव्हरऑल, म्हणजे कपड्यांवरून घालायचा अंगभर एकसंध सूट, आणि दोरा झिजलाय का हे महिन्यातून एकदा स्वतः बघायचं. झिजला असेल तर माळ नव्याने ओवून घ्यायची.

आता मंगळसूत्र. इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

यंत्राच्या बाजूने बघितलं तर लांब मंगळसूत्र हा गळ्यातला फास आहे. मणी सुती दोऱ्यात ओवलेले असले तर झटक्याने दोरा तुटण्याची शक्यता तरी असते. तार आणि नायलॉन तुटत नाही, मान खाली ओढते. कन्व्हेयरवर वाकून काम करणाऱ्या बाईच्या वाट्या थेट रोलरपाशी येतात. तेव्हा आखूड मंगळसूत्र, बंद गळ्याच्या आत, किंवा ओढ बसली की सुटणारी प्लॅस्टिकची कडी मागे लावलेलं. कडी पिशवीभर आणली तरी महाग नाही, कंपनीनेच द्यावी. चुंबकाची कडीही मिळते, पण एमआरआय विभागात ती नेऊ नये. तिथलं चुंबकत्व यंत्रावर रुग्ण नसतानाही चालूच असतं. लोखंडी कडं, पितळी भासणारा पण आत लोखंड असलेला ताईत, सगळं दाराबाहेरच.

औषध कारखान्याच्या निर्जंतुक विभागात तडजोडीला जागा नाही. तिथे घड्याळ, मेकअप, दागिने काहीच चालत नाही, आणि हा नियम जगभर सारखा आहे. टिकलीचा गोंद, कुंकवाचे कण, गंध, बुक्का, काजळ हे सगळे कणच, आणि ती खोली कणच मोजत बसलेली असते. म्हणजे मंगळसूत्र उतरवायचं आहे. प्रश्न एवढाच की ते कसं सांगायचं.

आपल्याकडे मंगळसूत्र, बांगड्या, कुंकू हे सगळं एकाच दिवशी उतरवतात, नवरा गेल्यावर. म्हणून तर बांगडी फुटली तरी आपण ‘वाढवली’ म्हणतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या बाबतीतल्या या प्रथा बंद करायचा ठराव केला. ठराव करावा लागला, एवढी ती रीत घट्ट आहे. अशा घरातून आलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलीला पहिल्याच दिवशी गेटवरचा पुरुष गार्ड चारचौघांत ‘ते गळ्यातलं काढ’ म्हणतो. नियम बरोबर आहे, पण सांगण्याची जागा, वेळ आणि माणूस तिन्ही चुकलेत. हे मुलाखतीतच सांगायला हवं, एखाद्या बाईने, कारणासकट, म्हणजे ती घरी बोलून ठरवून येईल. शिवाय मंगळसूत्र म्हणजे सोनं. सामायिक कपाटात कोण ठेवेल? प्रत्येकीला स्वतःचा लॉकर, स्वतःचं कुलूप. लॉकर नसेल तर बाई मंगळसूत्र अंतर्वस्त्रात लपवून आत नेते, आणि मग नियम कागदावरच राहतो. तो दोष तिचा नाही.

हिरव्या चुड्याचंही असंच. नव्या नवरीचा चुडा घट्ट भरलेला असतो, न फोडता निघत नाही. कासार बांगडी चढवताना-उतरवताना हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून, साबण लावून सरकवतो. ती युक्ती कधी चालते, कधी नाही. नाहीच निघाला तर त्या मुलीला काही आठवडे काचेचा धोका नसलेल्या कामावर ठेवावं, बाहेरच्या पॅकिंगला किंवा नोंदींना. चुडा फोडायला लावणं मला कुठल्याही उत्पादनासाठी मान्य नाही.

हिजाबाबद्दल प्रत्यक्षात प्रश्न दोनच आहेत, पिना आणि लोंबतं टोक. शिवलेला, ताणणाऱ्या कापडाचा, पिन नसलेला हिजाब, टोकं कव्हरऑलच्या आत. पिना खाद्यपदार्थात पडतात, म्हणून त्या नकोतच. निर्जंतुक विभागात तर वाद उरतच नाही. तिथला हूड केस, कान, गळा सगळं झाकून सूटच्या आत जातो, वर मास्क आणि गॉगल. तिथे हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन सगळ्यांचे फक्त डोळेच दिसतात. अंतर्वस्त्रं सोडली तर घरून घातलेलं कुणाचंच कापड आत जात नाही, ओढणीही नाही आणि साडीही नाही. बायकांसाठी वेगळी, दार नीट लागणारी कपडे बदलायची खोली हवी, बस.

अंगठीत नवरत्न, पुष्कराज घालणारे पुरुष सगळ्या खात्यांत असतात. बॅटरीच्या बँकेवर, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या बॅटऱ्यांच्या संचावर, काम करताना १२ व्होल्टचा शॉक बसत नाही, हे खरं. पण अंगठी आणि पाना मिळून दोन टर्मिनल जोडले गेले की शेकडो अँपिअर त्या अंगठीतून जातात आणि ती बोटावरच लाल होते, काही सेकंदांत. ट्रकवरून उडी मारताना अंगठी हुकात अडकली तर बोटाची कातडी मोज्यासारखी सोलून निघते. इथे ‘खडा अंगाला लागायला हवा’ यापुढे मी झुकणार नाही. पाळीपुरती अंगठी लॉकरमध्ये. आणि हा नियम सगळ्यात आधी मोडतो कोण? राउंडवर आलेला प्लांट हेड, तीन बोटांत तीन खडे घालून. त्याला दारात थांबवायची मुभा सुपरवायझरला नसेल तर कामगारांना नियम सांगूच नका.

दाढीवर नेहमी भावनेनेच बोललं जातं, पण मुद्दा साधा आहे. आयसोसायनेट हे घातक रसायन असलेला रंग किंवा सिलिकाची, म्हणजे दगड-वाळूची बारीक धूळ असेल आणि चेहऱ्याला घट्ट चिकटणारा मास्क वापरायचा असेल, तर मास्कच्या कडेखाली दोन दिवसांची खुंटंही नको, धर्म कुठलाही असो. दाढी ठेवायची असेल तर हवा आत ढकलणारा सैल हूड मिळतो. तो महाग आहे, पण मिळतो. जिथे असा मास्क लागतच नाही तिथे दाढीवर बोलायचं कारण नाही. हवाई दलातली दाढीबंदी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये योग्य ठरवली ती सैन्याच्या एकसारखेपणावर, शिस्तीवर. बिस्किटाच्या कारखान्याने तो निकाल पुढे करू नये.

धोका आणि धर्म वेगळे कसे करायचे, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयातलं आहे. १५ जानेवारी २०१३ ला एकाच निकालपत्रात दोन ख्रिश्चन बायकांच्या गळ्यातल्या क्रूसांचे निर्णय आले. नादिया एवेडा ब्रिटिश एअरवेजच्या चेक-इन काउंटरवर काम करायच्या, त्यांचा छोटा क्रूस कुणाला इजा करत नव्हता. त्या जिंकल्या. शर्ली चॅप्लिन वृद्धांच्या वॉर्डात परिचारिका होत्या. व्ही गळ्याच्या गणवेशावरची साखळी रुग्णाने ओढली किंवा ती उघड्या जखमेला लागली तर, हा रुग्णालयाचा मुद्दा होता. त्यांना ब्रोच म्हणून किंवा बंद गळ्याच्या आत क्रूस घालायचा पर्याय दिला होता, तो त्यांना मान्य नव्हता. त्या हरल्या. खूण तीच, श्रद्धा तीच, काम वेगळं म्हणून निकाल वेगळा.

या दोघींच्या देशात, ब्रिटनमध्ये, सरकारी रुग्णसेवेत कोपराखाली हात उघडा ठेवायचा नियम आहे. तरी शीख कर्मचाऱ्याचं कडं वर सरकवून पक्कं बसवता येतं, आणि हात झाकायची इच्छा असलेल्या मुसलमान परिचारिकेला एकदाच वापरून टाकायच्या बाह्या मिळतात. रुग्ण बदलला की हातमोज्यांसारख्या त्या बाह्याही बदलायच्या.

बँकेत, कॉल सेंटरमध्ये, सॉफ्टवेअर कंपनीत, दुकानाच्या काउंटरवर यातलं काहीच लागू नाही. तिथे टिकली, टोपी, हिजाब, जानवं, क्रूस, पगडी, गंध, जे आहे ते राहू द्या. ‘ग्राहकाला आवडत नाही’ हा धोका नव्हे.

नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहणारे आपल्याकडे कमी नाहीत, शबरीमलेचं ४१ दिवसांचं व्रत करणारेही आहेत. शॉप फ्लोअरवर धातूचा गरम बुरादा असतो, फोर्कलिफ्ट फिरते, तिथे सेफ्टी शूज हवेतच. घटस्थापनेच्या पंधरा दिवस आधी खात्यात विचारा, कोण अनवाणी राहणार आहे. काही जण पाळीपुरते बूट घालायला तयार होतात, गेटपाशी काढतात आणि घरी अनवाणी जातात. ज्यांना तेही नको, त्यांची नऊ दिवसांची रजा आधीच मंजूर करा किंवा कार्यालयातलं काम द्या. घटस्थापनेच्या सकाळी, हजेरी चालू असताना, गेटवर हा विषय काढू नका.