‘सुक्याचे ३३ टक्के’ ही चोरी नव्हे

‘घर बांधताय? ठेकेदार लपवतात ती सहा गणितं’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. वीटकामाला माल किती लागतो, हे सहा ओळींत सांगितल्याचा त्याचा दावा आहे. माझ्या मावसबहिणीपर्यंत तो पोचला. तिचं बांधकाम नुकतंच जोत्याच्या वर आलंय. तिने गवंड्याचं एस्टिमेट मागून घेतलं, मसाल्याच्या, म्हणजे विटा जोडणाऱ्या सिमेंट-वाळूच्या मिश्रणाच्या, हिशेबातल्या ‘सुक्याचे ३३ टक्के’ या ओळीवर लाल रेघ ओढली आणि चार मजुरांसमोर त्याला लबाड म्हटलं. ती ओळ बरोबर होती. मी बांधकामाची अंदाजपत्रकं करूनच पोट भरते, त्यामुळे हे वाचून गप्प बसणं मला शक्य नाही.

सहा मुद्दे थोडक्यात असे. वीट किंवा ब्लॉक कुठलाही असो, १ घनमीटरला ५०० नग लागतात. भिंतीच्या घनफळातून विटांचं घनफळ वजा केलं की राहील तेवढाच मसाला, त्यावर कोणी ‘सुक्याचे ३३ टक्के’ लावले, म्हणजे सुका माल तेवढा वाढवून धरला, तर ती चोरी. दारं-खिडक्या वजा करू नका, मोडतोडीत जुळून जातं. वाळू ओलीच घ्या, जड असते म्हणजे भरपूर मिळते. सिमेंट जितकं जास्त तितकी भिंत पक्की. आणि मोडतोड वेगळी धरणं म्हणजे लूट.

क्रमाने जात नाही. आधी दुसरा मुद्दा, कारण बाकीच्यांपैकी बहुतेकांनी फार तर पैसे वाया जातील, पण याने भिंतच कच्ची राहते.

उदाहरण १९० × ९० × ९० मिलिमीटरच्या विटेचं घेऊ. १० मिमीचा सांधा, म्हणजे दोन विटांमधला मसाल्याचा थर, धरला की भिंतीत ती २०० × १०० × १०० ची जागा घेते, म्हणून १ घनमीटरला ५०० विटा. त्या ५०० विटांचं स्वतःचं घनफळ ०.७७ घनमीटर. राहिले ०.२३ घनमीटर. इथपर्यंत संदेशाचं गणित बरोबर आहे. पण हे ०.२३ म्हणजे भिंतीत बसलेल्या, ओल्या, दाबलेल्या मसाल्याचं माप. आपण मागवतो ती सुट्टी वाळू आणि पोत्यातलं सिमेंट. ही दोन मापं एक नाहीत, आणि सगळी गफलत इथेच आहे.

ज्याला पटत नसेल त्याने एक डबा घ्यावा. त्याने ६ डबे कोरडी वाळू मोजावी, त्यात १ डबा सिमेंट घालावं, रंग एकसारखा होईपर्यंत कोरडंच कालवावं आणि मग थापीवर धरेल इतपत पाणी घालून मळावं. तयार झालेला मसाला त्याच डब्याने पुन्हा मोजावा. ७ डबे भरणार नाहीत. सव्वापाचच्या आसपास संपेल. सांडलं नाही, कुणी उचलून नेलं नाही. वाळूच्या कणांमध्ये पोकळी असते आणि ढिगाच्या मापातला तिसरा हिस्सा तरी ती व्यापते. सिमेंटची पूड त्या पोकळीत जाऊन बसते. पाणी पडलं की कणही सरकून एकमेकांना बिलगतात. म्हणून जितका मसाला भिंतीत हवा, त्याच्या सव्वा ते १.३५ पट सुका माल लागतो. हिशेबाला सोयीचा म्हणून बहुतेक जण १.३३ धरतात, हेच ते ‘सुक्याचे ३३ टक्के’. हा आकडा दगडावरची रेघ नाही, वाळू किती जाडी आणि मिश्रण कितीचं यावर तो थोडा इकडेतिकडे होतो. पण वाढ शून्य कधीच नसते.

आता आकडे लावू. प्रमाण १:६, म्हणजे १ भाग सिमेंट, ६ भाग वाळू, एकूण ७ भाग. ०.२३ ला १.३३ ने गुणलं की सुका माल सुमारे ०.३०७ घनमीटर. त्याचा सातवा भाग सिमेंट. १ घनमीटर सुट्टं सिमेंट १४४० किलो धरतात, त्या हिशेबाने ते ६३ किलो होतं, म्हणजे ५० किलोची सव्वा पोती. संदेशाच्या पद्धतीने हेच ४७ किलो निघतं, पोतं पुरतं भरतही नाही. एका घनमीटरला फरक १६ किलोचा. ४० घनमीटर वीटकाम असेल तर एका हिशेबाने ३८ पोती आणि दुसऱ्याने ५०. बारा पोत्यांची तूट.

ही तूट कागदावर दिसत नाही, ती साइटवर दिसते. मालकाने ३८ पोती आणून दिलीत आणि ‘याच्यावर एकही नाही’ असं बजावलंय. वाळू ट्रकाने येते, ती सहसा उरतेच. सिमेंट मात्र भिंत लिंटेलच्या, म्हणजे दारा-खिडक्यांवरच्या काँक्रीटच्या तुळईच्या, वर गेली की संपत येतं. मालकाशी पुन्हा वाद नको म्हणून गवंडी काय करतो? दर घाणीत, म्हणजे एका वेळी कालवलेल्या मसाल्यात, एक-दोन पाट्या वाळू वाढवतो. सुरुवातीपासून सारखं ताणलं असं धरलं तरी ३८ पोत्यांत ४० घनमीटर उरकायला मसाला १:८ च्याही पुढे पातळ करावा लागतो. आणि कुणी सुरुवातीपासून ताणत नाही, शेवटी ताणतात. म्हणजे वरच्या थरांमधला मसाला त्याहूनही वाईट. वर गिलावा झाला की हे कुणाला दिसत नाही, खिळा ठोकताना सांध्यातून वाळू गळायला लागते तेव्हा कळतं. ३३ टक्के नाकारून मालकाने चोरी थांबवलेली नसते, आपल्याच भिंतीतलं सिमेंट काढून घेतलेलं असतं.

शिवाय विटेच्या वरच्या अंगाला खाच असते, तीही मसाल्याने भरते. १०० × ४० × १० मिमीची खाच धरा, ५०० विटांत ०.०२ घनमीटर मसाला तिथेच जातो. संदेशाने विटांचं घनफळ काढताना ही खाच भरीव धरली आहे. म्हणजे वरची ५० पोतीसुद्धा हात आखडूनच धरलेली आहेत.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, नाइलाजाने का होईना. ३३ टक्क्यांच्या नावाखाली लबाडी करणारे ठेकेदार असतात. सुक्या मापावर पुन्हा सुक्याचे ३३ लावणं, किंवा सिमेंटवर वेगळे, वाळूवर वेगळे आणि शेवटी एकूण मालावर आणखी एकदा लावणं, हे मी पाहिलंय. ते पकडावं, जरूर पकडावं. पण पकडायचं ते दुसऱ्यांदा लावलेलं. पहिलं लागणारच.

पहिल्या मुद्द्याकडे येते, ‘कुठलीही वीट, ५०० नग’. ५०० हा आकडा वर काढला तसा १९० मिमीच्या विटेसाठी बरोबर आहे आणि फक्त तिच्यासाठीच. भाजक्या मातीच्या विटांचं भारतीय मानक आहे, आयएस १०७७. त्यात याच विटेबरोबर २३० × ११० × ७० मिमीचीही वीट दिली आहे. सांध्यासह ती २४० × १२० × ८० होते आणि घनमीटरला ४३४ लागतात. ५०० धरल्या तर दर घनमीटरला ६६ जास्तीच्या, ४० घनमीटरला २,६४० विटा अंगणात पडून. ब्लॉकचं तर बोलूच नये. सांध्यासह ४०० × २०० × २०० चा ब्लॉक घनमीटरला ६२.५ लागतो. ५०० ब्लॉकमध्ये ८ घनमीटर भिंत उभी राहते. हे लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी ब्लॉक हातात धरला असता तर त्याला आपलं वाक्य खटकलं असतं.

त्याच मानकात विटेचं माप तपासायची जी रीत दिली आहे ती प्रत्येक मालकाने करावी अशी आहे. एक वीट मोजू नका. ढिगातून कशाही २० विटा उचला, माती आणि फुगवटे झाडून टाका, सपाट जागेवर लांबीच्या बाजूने एकमेकींना चिकटवून रांगेत लावा आणि टेप धरा. १९० मिमीच्या विटांची रांग ३७२० ते ३८८० मिमीच्या आत आली पाहिजे. मग रुंदी आणि उंची तशीच मोजा. मिळालेल्या लांबीला २० ने भागलं की तुमच्या विटेचं खरं माप. त्यात सांध्याचे १० मिमी मिळवून नगांचा हिशेब करा. वीट आखूड भरली तर नुसते नग वाढत नाहीत, सांधेही वाढतात, आणि मसालाही.

दारं-खिडक्या वजा न करण्याचा सल्ला कुठून आला असावा ते कळतं. वीटकाम मोजण्याच्या मानकात, आयएस १२०० मध्ये, ०.१ चौरस मीटरपर्यंतच्या भोकांची वजावट करत नाहीत. पाइपाचं भोक किंवा तुळईचं टोक, एवढ्यापुरतं ते आहे. १ मीटर बाय २.१ मीटरचं दार त्यात बसत नाही. २०० मिमीच्या भिंतीत असं एक दार म्हणजे ०.४२ घनमीटर, २१० विटा. पाच दारं आणि १.२ मीटरच्या आठ चौरस खिडक्या असतील तर २,२०० विटा आणि त्यांचा मसाला. इतकी मोडतोड होत असेल तर वीट बदला. लिंटेलचं घनफळही वीटकामातून वजा होतं, कारण ते काँक्रीटमध्ये मोजलेलं असतं.

ओल्या वाळूचा मुद्दा अगदी उलटा आहे. दमट वाळू फुगते. कणाभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि कण एकमेकांपासून दूर राहतात. बारीक वाळू तर तिसऱ्या हिश्शापर्यंत फुगू शकते. म्हणजे मापाने घेतलेल्या ट्रकात वाळू कमीच असते. काचेच्या उभ्या बरणीत दमट वाळू २० सेंटीमीटरपर्यंत भरा, वरून पाणी ओतून ती पूर्ण बुडवा, काडीने ढवळा आणि बसू द्या. १६ वर आली तर फुगवटा २५ टक्के. तेवढी वाळू एस्टिमेटमध्ये वाढवायची आणि मापाची पेटी भरतानाही लक्षात ठेवायची. नाहीतर १:६ म्हणून घातलेला मसाला प्रत्यक्षात १:५ च्या खाली जातो, सिमेंट लवकर संपतं, आणि बोल पुन्हा गवंड्यालाच.

‘सिमेंट जास्त म्हणजे भिंत पक्की’ याला एवढंच उत्तर की मसाला विटेपेक्षा कडक करू नये. फार सिमेंटचा मसाला वाळताना जास्त आकसतो, आणि भिंत जराशी हलली की चीर सांध्यातून न जाता विटेतून जाते. सांधा पुन्हा भरता येतो. फुटलेली वीट बदलायची तर भिंत उकरावी लागते.

राहिली मोडतोड. चढवता-उतरवताना विटा फुटतात, कोपऱ्यांना तुकडे लागतात. ५ टक्के धरणं रास्त आहे. मात्र फुटलेल्या अर्ध्या विटा कोपऱ्यात वापरल्या जातायत का, हे बघावं. १०-१५ टक्के लिहून आले असतील तर कारण विचारावं.

मावसबहिणीला मी एवढंच सांगितलं आणि संदेश पुढे पाठवणाऱ्यांनाही तेच सांगते. एस्टिमेटमध्ये विटेचं माप, सांध्याची जाडी, मसाल्याचं प्रमाण, सुक्याची वाढ आणि मोडतोड या पाच गोष्टी पाच वेगळ्या ओळींत लिहून मागा. ‘इतर व किरकोळ ४० टक्के’ अशी एकच ओळ आली तर तिथे भांडा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. सुक्याचे ३३ टक्के स्वच्छ एका ओळीत, एकदाच लावलेले असतील, तर तो माणूस हिशेब जाणतो. त्याला लबाड म्हटलं असेल तर उद्या साइटवर जाऊन, ज्या चार मजुरांसमोर म्हटलं त्यांच्यासमोरच, ते परत घ्या.