खुलासा : एके-४७ चं काडतूस जर्मन नाही

‘एके-४७ मध्ये जर्मन एसटीजी-४४ चंच काडतूस चालतं’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. (एसटीजी-४४ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन रायफल.) मागे मीही तो पुढे ढकलला होता, चूक माझीच. नुसती मापं पाहिली असती तरी पुरे होतं. जर्मनांनी माउझर रायफलच्या काडतुसाची ५७ मिमी लांब पुंगळी (दारू भरलेलं धातूचं नळकांडं) ३३ वर आणली, गोळीची जाडी तीच ठेवली. एके-४७ च्या सोव्हिएत काडतुसाची पुंगळी ३९ मिमीची, शिवाय बुडाशी थोडी बारीक. एकाचं दुसऱ्यात बसणारच नाही.

प्रेरणा मात्र खरी. १९४३ च्या जुलैत मॉस्कोतल्या बैठकीत हाती लागलेली जर्मन बंदूक दाखवली गेली. त्यानंतर तिथे नव्या काडतुसाचं काम सुरू झालं. (त्याच्या पहिल्या नमुन्याची पुंगळी तर ४१ मिमीची होती!) कल्पना उचलली म्हणा हवं तर. जुना मेसेज कृपया थांबवा, आणि ज्यांना पाठवलात त्यांना हे कळवा.