बसची पर्वणी

स्कूटरचा बेल्ट तुटला तो मंगळवारी सकाळी सव्वाआठला, नाशिकच्या सिडकोत, पवननगरच्या भाजीबाजारासमोर. गॅरेजवाल्या पोराने कव्हर उघडून आत पाहिलं आणि इतक्या मायेने "अरेरे" म्हणाला की मला तिथेच बिलाचा अंदाज आला. "उद्या संध्याकाळी भेटंल काका." माझं ऑफिस नाशिकरोडला. घरी फोन केला तर बायको म्हणाली, "मग बसने जा ना!"

"बसने?" माझा आवाज जरा चिरकलाच.

त्याला कारण आहे. नाशिकच्या शहर बसमध्ये मी शेवटचा बसलो तो 2015 च्या सिंहस्थात, आणि तोही हौसेने नाही. पर्वणीला गाड्या गावाबाहेर अडवलेल्या, साडूकडची सात माणसं बरोबर आणि वाहनतळावरून आत यायला दुसरं काही नाही. त्याआधीचं बसणं आठवतं ते 2003 च्या सिंहस्थातलं. म्हणजे साधू बारा वर्षांनी रामकुंडात उतरतात, तसा मी बारा वर्षांनी बसमध्ये चढतो. पुढचा योग 2027 चा होता. बेल्टमुळे तो अलीकडे आला.

कॉलेजात असताना मात्र माझ्याइतका एकनिष्ठ प्रवासी शहरात नव्हता. पास होता, त्यावर फोटो होता आणि फोटोतल्या कपाळावर अर्धा शिक्का होता. कंडक्टर ओरडायचा, "पुढं सरका, पुढं सगळी गाडी रिकामी आहे!" पुढे ड्रायव्हरची मांडी सोडली तर काहीच रिकामं नसायचं. मग नोकरी लागली. दसऱ्याला हप्त्यावर स्कूटर आली, हँडलला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू फुटलं आणि बसचा एक प्रवासी कमी झाला. पुढे बायकोची गाडी आली. मग मुलगा अकरावीत गेला ("क्लासला उशीर होतो"), मग मुलगी ("दादाला दिली, मग मला?"). घरातली चार माणसं, जाऊन-येऊन आठ तिकिटं. वर्षाचे 300 दिवस धरले तरी 2400 तिकिटं आमच्या एकट्या घराने बुडवली. आणि रविवारी मिसळ खाताना रश्श्यात पाव बुडवत "शहर बसला आता माणसंच नाहीत हो" असं चिंतेने म्हणणाराही मीच.

स्टॉप सापडायलाच वेळ लागला. वीस वर्षं मी रोज त्याच्यासमोरून जातोय, पण त्या शेडकडे कधी स्टॉप म्हणून पाहिलंच नव्हतं. शेडपुढे दुचाक्यांची रांग होती (एरवी बँकेत काम असलं की मीही तिथेच लावतो, सावली चांगली असते). वर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक, त्यावर शुभेच्छुकांचे 32 चेहरे. शेडमध्ये मात्र शुभेच्छुक एकच. पांढरी टोपी, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा.

"आजोबा, नाशिकरोडची गेली का हो?"

"गेली असती तर मी तुम्हाला दिसलो असतो का?"

आजोबा एसटीतून निवृत्त झालेले. कंट्रोलर होते. वय 78, म्हणजे लाल गाडीत फुकट प्रवासाचा मान. 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना एसटीला तिकीट नाही. पण लेक राहते नाशिकरोडच्या बिटकोला, गावातल्या गावात लाल गाडी काय कामाची? म्हणून रोज शहर बस, रोज हा स्टॉप. मी घड्याळाकडे तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि माझी शिकवणी घेतली.

"भारमान माहितीये का?"

"नाही."

"44 सीटची गाडी. आत 11 माणसं. भारमान 25 टक्के. भारमान पडलं की वरून विचारणा होते, गाडी कशाला पळवता? मग फेरी तोडायची. आता असं बघा, दहा मिनिटाला गाडी असली की माणूस घड्याळ न बघता घरातून निघतो. सरासरी पाच मिनिटं थांबतो, जातो. तीच गाडी 40 मिनिटांवर न्या, माणूस 20 मिनिटं थांबणार. थांबतो का?"

"नाही थांबत."

"नाहीच थांबत! तो शोरूमला जातो. म्हणजे भारमान अजून पडलं. मग अजून एक फेरी तोडा. सातपूर-अंबडला कंपन्यांच्या आपापल्या बस, पोरांना शाळेची व्हॅन, मधली माणसं रिक्षावाले उचलतात. राहिलो कोण? मी." मग माझ्याकडे नीट बघून, "तुम्हाला कधी पाहिलं नाही इथं."

"मी… स्कूटरवर असतो."

यावर ते काही बोलले नाहीत. खोकला घेऊन आलेल्या पेशंटच्या खिशात विडीचं बंडल दिसल्यावर डॉक्टर जसा गप्प होतो, तसे गप्प झाले.

मला काहीतरी बोलणं भाग होतं. म्हटलं, पूर्वीचे दिवस चांगले होते. तर तेही त्यांनी चालू दिलं नाही. म्हणाले, पूर्वीचं काय घेऊन बसलात, नाशकात घोड्यांची ट्राम होती, 1889 सालची. मेनरोडवरून थेट रेल्वे स्टेशनापर्यंत, मधे सगळं रान. त्यांचे वडील लहानपणी तीत बसले होते. तीही तोट्यात गेली आणि 1930 च्या पुढे दोन-तीन वर्षांत बंद पडली. मी मनातल्या मनात वरून विचारणा झालेला घोडा बघत राहिलो. मग टायरवरच्या मेट्रोचा विषय निघाला, तो निघतोच. 2021 च्या केंद्रीय बजेटमध्ये नाशिकच्या मेट्रोपुढे 2092 कोटींचा आकडा आला, त्या आठवड्यात आमच्या भाच्याने फ्लॅट बुक केला होता. माहितीपत्रकात छापलं होतं, 'मेट्रो स्टेशन 5 मिनिटांवर'. फ्लॅटचा ताबा मिळाला. 5 मिनिटंही जागच्या जागी आहेत.

एवढ्यात रिक्षा आली. "शालिमार, शालिमार, एक सीट, लगेच निघायचं!"

मी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी समोरच्या मेडिकलच्या पाटीकडे पाहिलं. मी रिक्षात बसलो.

बसलो म्हणजे मागे तिघं होतीच, मला ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली. जागा म्हणजे त्याच्या सीटची कड. शरीराचा उजवा अर्धा भाग रिक्षात, डावा अर्धा सिडकोत. एक हात मागच्या दांडीला, दुसऱ्यात बॅग, आणि ड्रायव्हरने वळण घेतलं की त्याचं कोपर माझ्या बरगडीत. ती एक सीट भरली, आता ही निघेल, असा माझा भाबडा समज. पुढच्या चौकात रिक्षा थांबली आणि ड्रायव्हर बाहेर वाकून ओरडला, "शालिमार, एक सीट!" कुठे, हे मी विचारलं नाही. शेअर रिक्षातली शेवटची सीट ही कधीच भरत नसते.

आम्ही त्या एका सीटची वाट बघत असतानाच बस आली. संथ, ऐसपैस, पुढची काच धुतलेली. शहर बस एसटीकडून महापालिकेकडे 2021 च्या जुलैत गेली, तेव्हापासून गाड्या बऱ्याच सुधारल्यात. "खटारा गाड्या" हे माझं जुनं कारण तिथेच बाद झालं होतं, मी ते उगाच वापरात ठेवलं होतं. खिडकीत आजोबा. त्यांनी मला पाहिलं. हसले नाहीत, हे जास्त लागलं.

मायको सर्कलच्या सिग्नलला बस पुन्हा शेजारी आली. मी रिक्षावाल्याच्या हातात पैसे कोंबले आणि बसच्या दारावर थाप मारली. सिग्नलला दार उघडायचं नसतं. पण आपण होऊन चालत आलेला प्रवासी पाहून ड्रायव्हरचं मन द्रवलं असावं.

आत दहाच माणसं, मी अकरावा. भारमान 25 टक्के, मी हिशोब केला. कॉलेजच्या मुली, एक नर्सबाई, पायाशी मेथीची टोपली घेतलेली एक मावशी आणि आजोबा. त्यांनी पिशवी उचलून मला खिडकी दिली. कंडक्टर आला. मी दोनशेची नोट पुढे केली. त्याने ती घेतली नाही, नुसती पाहिली.

"सुटे द्या साहेब."

"सुटे नाहीत हो."

"मग मोबाइलवरून करा."

मोबाइलवर गोल फिरत राहिला. बस शालिमार सोडून निघाली, गोल फिरतोच आहे. शेवटी त्याने नोट घेतली, मशीनमधून ते फुंकर मारली तर उडेल असं तिकीट काढलं, पालथं करून गुडघ्यावर ठेवलं आणि पेनाने बाकी लिहून दिली. वीस वर्षांत मशीन आलं, मोबाइल आला, पण तिकिटाच्या पाठीवरची उधारी तशीच. आणि बस चालली होती कुठे, तर नाशिकरोडला. तिथल्या प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापतात. अख्ख्या देशाला पैसे पुरवणाऱ्या गावाच्या वाटेवर दहाची नोट मिळत नाही!

द्वारकेच्या चौकात बस अडकली. आता द्वारकेला अडकलो ही काही सांगायची गोष्ट नाही, पण मी पहिल्यांदाच ती उंचावरून पाहत होतो. खाली दुचाक्याच दुचाक्या, प्रत्येकीवर एकेक माणूस. बसच्या पुढ्यात, बगलेत, चाकाशेजारी शिरलेल्या. बरोबर माझ्या खिडकीखाली माझ्याच रंगाच्या स्कूटरवर माझ्याच वयाचा एक गृहस्थ, तसंच पोट, तशीच बॅग पायात. हॉर्नवरचा अंगठा न उचलता तो शेजारच्याला सांगत होता, "ही बसच मधे घुसते हो! आत बघा, कुत्रं नाहीये!"

वाक्य माझंच होतं. मी खिडकीतून जरा पुढे झालो, निदान माणूस आहे एवढं त्याला दिसावं म्हणून. त्याने पाहिलंच नाही. "किती दुचाक्या झाल्या?" आजोबांनी विचारलं. मी 60 पर्यंत मोजून सोडून दिलं होतं. पुढे फेमच्या सिग्नलपासून उपनगरपर्यंत मला चक्क झोप लागली. कामाला जाताना झोपण्याचं सुख मी 25 वर्षांत विसरूनच गेलो होतो. बिटकोला आजोबांनी उठवलं. बाकीचे पैसे घ्यायला मी विसरलोच, आणि कंडक्टरने दारातून हाक मारून, कुठूनसे जमवलेले सुटे हातावर मोजून दिले.

बुधवारी संध्याकाळी स्कूटर मिळाली. बिल अंदाजापेक्षा 300 ने जास्त.

गुरुवारी सकाळी निघालो. आठवडाभर तरी बसनेच जायचं असं मंगळवारी ठरवलं होतं, बायकोला सांगितलंही होतं, पण गाडी दारात उभी असली की पाय तिकडेच वळतो. स्टॉपसमोर आलो तर मान आपोआप खाली गेली. तेवढ्यात शेडमधून हात वर झाला. मला वाटलं नमस्कार, म्हणून मीही हात वर केला. तर आजोबा पिशवी सांभाळत रस्त्यावरच आले. 'हात दाखवा, गाडी थांबवा' ही एसटीची योजना अंगात मुरलेला माणूस. मी ब्रेक दाबला.

"आत्ताच डोळ्यासमोरून गेली," ते म्हणाले. "पुढच्या फेरीला वेळ आहे. बिटकोला सोडता का?"

"तुम्हीसुद्धा?" मी म्हटलं.

ते उत्तर न देता मागे बसले, डब्याची पिशवी आम्हा दोघांच्या मधे घट्ट बसवली, टोपी काढून खिशात घातली आणि माझ्या पाठीवर दोनदा थाप मारली, कंडक्टर पत्र्यावर मारतो तशी.

"चला. भारमान 100 टक्के."