आठ वॅट आणि घरचा पंखा

पुण्याला यायचं म्हटलं की मित्रांचे फोन सुरू होतात. ‘तोक्योत राहतोस ना, मग अकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून ३००बीचा सिंगल-एंडेड ॲम्प्लिफायर घेऊन ये.’ लगेच दुसरा बजावतो, ‘मुळीच आणू नकोस. साध्या क्लास-डी ॲम्प्लिफायरचं डिस्टॉर्शन त्याहून कितीतरी कमी असतं. व्हॉल्व्ह ही पैसेवाल्यांची हौस आहे.’ (व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीची काचेची निर्वात नळी, ३००बी त्यातलीच एक. सिंगल-एंडेड म्हणजे शेवटच्या टप्प्यात एकटाच व्हॉल्व्ह. क्लास-डी हा आजचा ट्रान्झिस्टरवरचा प्रकार. डिस्टॉर्शन म्हणजे ॲम्प्लिफायरने मूळ आवाजात केलेला बदल.) आमच्या गाणं ऐकणाऱ्या मंडळींत हा वाद कित्येक वर्षं चालू आहे. मला दोन्ही बाजू पटत नाहीत, कारण दोघंही ॲम्प्लिफायरपासून सुरुवात करतात. सुरुवात खोलीपासून आणि स्पीकरपासून करायला हवी.

३००बी हा वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचा १९३०च्या दशकातला ट्रायोड जातीचा व्हॉल्व्ह. एकटा वापरला तर साधारण ८ वॅट देतो. त्या काळच्या चित्रपटगृहांत पडद्यामागे थोड्या ताकदीत मोठा आवाज देणारे मोठाले हॉर्न (भोंगे) असत, म्हणून एवढ्याशा ताकदीत काम भागे. माझ्याकडे आठ इंची फुलरेंज स्पीकर आहेत, म्हणजे खर्जापासून वरच्या सुरांपर्यंत सगळं एकाच शंकूतून येतं. १ वॅट दिला की १ मीटरवर ९५ डेसिबलच्या आसपास आवाज. पुण्याच्या मित्राचे स्पीकर ८५ डेसिबलचे. दहा डेसिबलचा फरक म्हणजे दहापट ताकद, म्हणजे माझे ८ वॅट जे करतात त्याला त्याच्याकडे ८० लागतील.

त्यात पंखा. माझ्या इथल्या खोलीची खिडकी बंद असते आणि गल्लीत रात्री शुकशुकाट. शिबुयात १९२६ पासून चालत आलेलं ‘लायन’ नावाचं कॉफीगृह आहे, तिथे लोक मोठ्या लाकडी स्पीकरसमोर बसून गप्पा न मारता संगीत ऐकतात. त्या शांततेत एक वॅटसुद्धा पुष्कळ होतो. मे महिन्यात सदाशिव पेठेत पंखा पाचवर, खिडकी उघडी, खाली रिक्षा. आलापीतला हळुवार भाग त्यात बुडतो, म्हणून आवाज चढवावा लागतो आणि मग द्रुत लयीत ८ वॅट अपुरे पडतात. इथे मला जे भावलं ते तिथे भावेलच असं म्हणायला मी तयार नाही. (शिवाय जपानची घरगुती वीज १०० व्होल्टची. तो सेट आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला तर पॉवर ट्रान्सफॉर्मर जळेल.)

पण ‘हौस’ हा शब्दही मला लागतो. आजोबांच्या घरातला व्हॉल्व्हचा रेडिओ आठवा. तसल्या बहुतेक टेबल रेडिओंत आउटपुटला एकच व्हॉल्व्ह असे. आकाशवाणीवरच्या मैफली आपल्या दोन पिढ्यांनी सिंगल-एंडेडवरच ऐकल्या. डिस्टॉर्शनबद्दल मित्र म्हणतो ते खरं आहे. मात्र या मांडणीत त्याचा मुख्य भाग दुसऱ्या हार्मोनिकचा असतो, म्हणजे सा लावला तर वरचा सा. कानाला तो खुपत नाही. ती भर आहे हे मान्य करूनही मला ती आवडते.

स्वतः ॲम्प्लिफायर बांधणाऱ्यांशी बोलायचं आहे ते आउटपुट ट्रान्सफॉर्मरबद्दल, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या ट्रान्सफॉर्मरबद्दल. व्हॉल्व्ह कुठल्या कंपनीचा यावर तासन्‌तास चर्चा होते, लोखंडाबद्दल कोणी बोलत नाही. सिंगल-एंडेडमध्ये व्हॉल्व्हचा डीसी करंट प्रायमरीतून (व्हॉल्व्हकडच्या वेढ्यांतून) सतत वाहतो, ३००बीचा ६० मिलिअँपिअरच्या आसपास. पुश-पुलमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या जोडीवर चालणाऱ्या मांडणीत, दोन बाजूंचे करंट एकमेकांना मारतात. इथे ती सोय नाही, गाभा एकाच दिशेने चुंबकित होऊन भरून जातो. म्हणून गाभ्याच्या ई आणि आय आकाराच्या लोखंडी पट्ट्या (स्टॅम्पिंग) एकमेकांत गुंफायच्या नसतात. सगळे ई एकीकडे, सगळे आय दुसरीकडे, मध्ये कागद घालून बारीक फट. फटीमुळे इंडक्टन्स घटतो, म्हणजे खर्ज पातळ होतो, तो भरून काढायला लोखंड आणि वेढे वाढवावे लागतात. चांगला ट्रान्सफॉर्मर उगाच जड नसतो.

पुण्यात ईएल८४ या लहान व्हॉल्व्हवर पहिला सेट बांधला तेव्हा मी हे वाइंडिंगवाल्या काकांना सांगितलंच नव्हतं. त्यांनी नेहमीच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरसारखे स्टॅम्पिंग गुंफून दिले. डग्ग्याची घुमक फाटायची, आणि मी महिनाभर व्हॉल्व्ह बदलत बसलो. चूक कळल्यावर काकांनी तोच ट्रान्सफॉर्मर उघडला, स्टॅम्पिंग पुन्हा रचले, कागद घातला. त्या संध्याकाळी डग्गा परत आला. असे हात आपल्याकडे अजून आहेत, त्यांना नेमकं काय हवं ते सांगायला हवं.

म्हणून पहिल्यांदा बांधणाऱ्याने ३००बीच्या मागे लागू नये. ईएल८४ आपल्या बंगळूरच्या बीईएलनेही (भारत इलेक्ट्रॉनिक्स) बनवला आहे, जुने नग शोधले तर मिळतात, आणि एकटा व्हॉल्व्ह ५ वॅटच्या वर देतो. उरलेला पैसा लोखंडात आणि स्पीकरमध्ये घालावा. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: आत तीनशे व्होल्ट डीसी असतो आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये साठून राहतो. तो साठा रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर लावा, आणि मीटरने मोजल्याशिवाय आत हात घालू नका.

या दिवाळीत माझ्या बॅगेत ॲम्प्लिफायर नसेल. आठ इंची फुलरेंज ड्रायव्हरची एक जोडी असेल, ८५ डेसिबलवाल्या मित्रासाठी. खोकी पुण्यातच बनवू. मग एका रात्री, हवा गार झाल्यावर, तासभर पंखा बंद करून ऐकू.