जर्दाळूच्या बिया आणि हुंझाची म्हातारी माणसं

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हुंझा खोऱ्याचा मेसेज परवा पुन्हा आला. त्यात म्हटलंय ते असं: हिमालयातल्या हुंझा खोऱ्यात माणसं १२० ते १५० वर्षं जगतात, 'व्हिटॅमिन बी-१७' असलेल्या कडू जर्दाळूच्या बिया खातात म्हणून कॅन्सर तिथं कुणाला ठाऊक नाही, बायकांना पासष्टीत मुलं होतात, आणि डॉक्टर, शाळा, रस्ता तिथं पोचला नाही म्हणूनच ती माणसं इतकी सुखी. खाली हात जोडलेले आणि 'दहा जणांना पाठवा'.

मी आरोग्यसेविका होते. नोकरीची बरीच वर्षं गगनबावडा आणि राधानगरीच्या डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर गेली. म्हणून हा मेसेज मला नुसता वाचून सोडून देता येत नाही.

आधी बियांचं, कारण त्यानं माणसं मरतात. माझ्या मैत्रिणीच्या जावेला छातीत गाठ लागली होती. कुणीतरी हाच मेसेज दाखवला आणि तिनं कडू बिया मागवल्या. रोज सकाळी मोजून खायची. चार महिने तिनं तपासणी टाळली. तोवर सुपारीएवढी गाठ लिंबाएवढी झाली आणि काखेतही गेली. आता केमो चालू आहे. ते चार महिने तिला कोण परत देणार?

मेसेजमध्ये ज्याला 'व्हिटॅमिन बी-१७' म्हटलंय, ते व्हिटॅमिन नाहीच. कडू बियांमध्ये ॲमिग्डालिन असतं आणि पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी इतरांना सोबत घेऊन याची रीतसर चाचणी केली, तिचे निष्कर्ष १९८२ मध्ये छापून आले. १७८ कॅन्सरच्या रुग्णांना ॲमिग्डालिन दिलं, सोबत पथ्य आणि व्हिटॅमिनंही. एकही बरा झाला नाही, आजार थांबला नाही, आणि काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ पोचलं. हे कळून चाळीस वर्षं उलटली, तरी बिया विकल्या जातायत.

हुंझात जर्दाळू खूप खातात, हे खरं. पण का खातात ते मेसेज सांगत नाही. हुंझा काराकोरममध्ये आहे, आज पाकिस्तानच्या ताब्यातल्या गिलगिट-बाल्टिस्तानात. समोर रकापोशीचं ७,७८८ मीटरचं शिखर आणि खाली खोऱ्यात पाऊस जवळजवळ नाहीच. आपल्या गगनबावड्याच्या अगदी उलट. हिमनदीचं पाणी कड्याच्या पोटातून कोरलेल्या पाटांनी आणायचं आणि त्यावर दगडी बांधांची वीतभर शेतं भिजवायची. पिकणार किती? जुनं धान्य वसंतात संपायचं, नवं कापणीला आलेलं नसायचं, आणि मधले कित्येक आठवडे माणसं अर्धपोटी काढायची. वाळवलेला जर्दाळू ही त्या दिवसांची बेगमी होती. आपल्याकडच्या डोंगरात पावसाळ्यात कणगीचा तळ दिसायला लागला की घरातली बाई नाचणीच्या आंबिलीत पाणी वाढवायची, ते ज्यानं पाहिलंय त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. त्या आंबिलीला कुणी अमृत म्हणून विकलं तर मला जे वाटेल, तेच मला या बियांबद्दल वाटतं.

आता १५० वर्षांचं. वय ठरतं कशानं? कागदानं. हुंझात त्या काळी जन्माची नोंदच होत नव्हती. मी नोकरीत नवी होते तेव्हा एका धनगरवाड्यावर आजीला वय विचारलं. आजी म्हणाली, "शाहू म्हाराज गेलं तवा मी पाळन्यात व्हतो." (आमच्याकडं बायकाही असंच बोलतात.) महाराज गेले १९२२ मध्ये, म्हणजे हिशेब लागला. पुढच्या खेपेला त्याच आजीनं स्वतःला प्लेगच्या सालात जन्माला घातलं, आणि नातू कौतुकानं म्हणाला, "आज्जी शंभरीची हाय." आजी खोटं बोलत नव्हती. जिथं कागद नाही तिथं वय मानाबरोबर वाढतं. मग मी थोरल्या लेकाचं, धाकट्या लेकीचं विचारायची, कोयनेच्या भूकंपात कोण अंगावर पीत होतं ते विचारायची आणि १९६७ वरून मागं मोजत यायची. बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षं कमी व्हायची.

हे फक्त आपल्याकडं होतं असं नाही. इक्वेडोरमध्ये विल्काबांबा नावाचं असंच एक डोंगरातलं खोरं 'शंभरी पार केलेल्यांचं खोरं' म्हणून जगभर गाजलं. तिथं निदान चर्चमध्ये नोंदी होत्या. संशोधकांनी त्या तपासल्या, १९७९ मध्ये निकाल छापला: शंभरीचा एकही माणूस निघाला नाही. सर्वांत वयस्क ९६ वर्षांचा होता. पक्क्या कागदांनिशी सर्वांत जास्त जगलेली व्यक्ती म्हणजे फ्रान्सच्या जान काल्मां, १२२ वर्षं. १५० पर्यंत कुणीही पोचलेलं नाही.

पासष्टीतल्या बाळंतपणांचंही मूळ याच चुकीच्या वयात आहे. आईचं वय पंधरा वर्षांनी फुगवलं की पासष्टी होते. याहून जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

मग हा बोलबाला झाला कसा? रॉबर्ट मॅककॅरिसन हे ब्रिटिश लष्करी डॉक्टर १९०४ नंतर गिलगिट भागात होते. हुंझाची माणसं काटक आणि निरोगी आहेत असं त्यांनी लिहिलं आणि ते खोटं नसावं. रोजची चढ-उतर, साखर नाही, ताजा भाजीपाला. पण १९५० च्या सुमाराला जॉन क्लार्क हे अमेरिकन भूशास्त्रज्ञ तिथं दीड वर्षाहून जास्त राहिले, त्यांनी छोटा दवाखाना चालवला, आणि त्यांच्याकडं मलेरिया, आव, जंत, डोळ्यांची खुपरी घेऊन माणसं येत राहिली. दारात दवाखाना उघडला की आजारी माणसं दिसायला लागतात. हे मी स्वतः पाहिलंय. उपकेंद्र नव्हतं तोवर त्या वाड्या कागदावर निरोगीच होत्या.

मेसेजचं शेवटचं वाक्य मला सगळ्यांत लागलं. शाळा-रस्ता नाही म्हणून सुखी! इस्माइली मुसलमानांचे धर्मगुरू आगाखान यांच्या हीरक महोत्सवाच्या निमित्तानं १९४६ पासून त्या भागात शाळा निघाल्या. १९८० च्या दशकात हुंझातल्या करीमाबादला मुलींसाठी निवासी शाळा झाली. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं त्या कोल्हापुरात बसून आपण असले मेसेज पुढं ढकलावेत, याचं मला वाईट वाटतं. १९८२ मध्ये आगाखान ग्रामीण कार्यक्रम सुरू झाला. गावातल्या घराघरातल्या माणसांनी एकत्र बसायचं, आधी पाट की रस्ता ते ठरवायचं, श्रम गावाचे, थोडी थोडी बचतही करायची. आपल्या बचत गटातल्या बायकांना हे लगेच ओळखीचं वाटेल.

आणि शिमशाल. हुंझाच्या वरच्या अंगाला, तीन हजार मीटरवरचं गाव. मोठ्या रस्त्याला लागायचं तर काही दिवसांची चाल. त्या लोकांनी १९८५ मध्ये कडा फोडायला घेतला आणि २००३ मध्ये गाडी गावात आणली. अठरा वर्षं! एव्हरेस्टवर चढलेली पहिली पाकिस्तानी महिला, समीना बेग, त्याच गावची. २०१३ साली ती वर पोचली. ज्यांनी रस्त्यासाठी इतकी वर्षं पहार मारली, त्यांच्या नावानं आपण 'रस्ता नाही म्हणून सुखी' लिहितो.

गगनबावड्याच्या बाजूला एका वाड्यावरून मी पावसात बाळंतीण खाली आणलीय. घोंगडीची झोळी, वेळूचा दांडा, आळीपाळीनं चौघं, ओढ्याला पाणी. पोर वाटेतच झालं. झोळीचा पुढचा खांदा धरलेला तिचा दीर खाली पोचल्यावर माझ्याशी दोनच वाक्यं बोलला, "बाई, आमाला डोंगर सोडायचा न्हाय. रस्ता तेवढा वर येऊ दे."